कानातला तोल, फळ्यावरची अक्षरं

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा नेवासे तालुक्यातल्या सोनईत मुळा सहकारी साखर कारखान्याच्या गळिताची लगबग सुरू असेल. पाथर्डी, शेवगाव आणि पलीकडच्या बीड जिल्ह्यातल्या वस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतील, फडांच्या कडेला त्यांच्या कोप्या, म्हणजे हंगामापुरत्या झोपड्या, उभ्या राहतील. शिंगणापूरच्या रस्त्यावर उसानं भरलेले ट्रॅक्टर दिसू लागतील. त्याच सुमारास सुट्टी संपून शाळा भरेल आणि पहिल्या सत्राच्या निकालपत्रावर काही ठरावीक शेरे घरी पोहोचतील. ‘वाचनात मागे’, ‘फळ्यावरचं उतरवून घेत नाही’, ‘वर्गात लक्ष नसतं’. घरचे म्हणतील, पोरगं धांदरट आहे, चालताचालता पडतं, त्याचं अभ्यासात काय डोकं चालणार!

या दोन तक्रारी, पडणं आणि मागे पडणं, बहुतेक घरांत वेगवेगळ्या मोजल्या जातात. एका तक्रारीसाठी मार बसतो, दुसरीसाठी शिकवणी लावली जाते. काही मुलांमध्ये मात्र दोन्हींचा धागा आतल्या कानापर्यंत जातो. अशी मुलं थोडी आहेत, पण त्यांना ओळखणं फार अवघड नाही, आणि म्हणूनच ती वर्षानुवर्षं न ओळखता राहतात याची चीड येते.

कान म्हणजे ऐकणं, एवढंच आपल्याला शाळेत शिकवलं जातं. आतल्या कानात शंखाच्या आकाराचा ऐकण्याचा भाग असतो, आणि त्याला जोडूनच तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन छोट्या पिशव्या असतात. गवंडी नळीत पाणी भरून भिंतीची लेव्हल काढतो, साधारण तसंच काम या नलिकांमधला द्रव करतो. डोकं वळलं की द्रव मागे रेंगाळतो, त्यात बुडालेल्या सूक्ष्म केसांच्या पेशी वाकतात आणि मेंदूला कळतं की मान कुठल्या दिशेला, किती वेगानं फिरली. पिशव्यांमध्ये कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे असतात. त्यांच्या वजनावरून वर काय आणि खाली काय हे समजतं. ही सगळी रचना बाळ जन्मतं तेव्हाच जवळपास पूर्ण आकाराची असते. तिचा नीट वापर करायला मेंदू मात्र पौगंडावस्थेपर्यंत शिकत राहतो.

या यंत्रणेचं महत्त्व जगाला पटलं ते व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांच्यामुळे. रुग्णाचा कान धुताना पाणी गार असेल किंवा जास्त गरम असेल तर त्याला गरगरतं आणि डोळे एका बाजूला झटके देत हलतात, हे त्यांच्या लक्षात आलं. पाण्याच्या तापमानाबरोबर डोळ्यांच्या झटक्यांची दिशा बदलते हे त्यांनी दाखवलं आणि त्यातून तोलाची तपासणी उभी राहिली. १९१४ सालचं नोबेल पारितोषिक त्यांना जाहीर झालं तेव्हा ते पहिल्या महायुद्धात रशियाच्या कैदेत होते. कान आणि डोळे यांचं हे नातं पुढच्या सगळ्या चर्चेचा पाया आहे.

मान हलली की डोळे आपोआप तेवढेच उलट दिशेला फिरतात. त्यामुळे समोरचं दृश्य स्थिर राहतं. हे काम शरीरातल्या सर्वात चपळ प्रतिक्षिप्त क्रियांपैकी एक आहे, त्याला सेकंदाचा शंभरावा भागही जेमतेम लागतो. आता वर्गात या. जिल्हा परिषदेच्या शाळेत सतरंजीवर बसलेला तिसरीतला मुलगा फळ्यावरची ओळ वहीत उतरवतोय. मान वर, फळा. मान खाली, वही. पुन्हा वर. एका परिच्छेदासाठी मान वीस-तीस वेळा वरखाली होते. ज्याच्या आतल्या कानाचं काम कमजोर आहे त्याला प्रत्येक वेळी अक्षरं क्षणभर थरथरताना दिसतात, आणि नजर परत येते तेव्हा ओळ सापडत नाही. देवनागरीत रेघेच्या वर मात्रा आणि रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. थोडी नजर हलली की ‘कृती’ची ‘कुती’ होते. शेजारच्या मुलाचं पान भरतं, याच्या तीन ओळी होतात. शिवाय पाठीला टेकू नसताना सतरंजीवर ताठ बसणं हेही तोलाचंच काम आहे. ते आपोआप होत नसेल तर मूल भिंतीकडे सरकतं, कोपरावर रेलतं, डोकं हातावर ठेवतं. गुरुजींना तो आळस वाटतो.

अमेरिकेत रोझ मेरी राइन यांच्यासारख्या संशोधकांनी ऐकू कमी येणाऱ्या मुलांचा या अंगानं अभ्यास केला. ज्यांचा तोलही गेलेला होता त्यांच्या हालचालींचा विकास मागे होता आणि काहींना वाचताना अक्षरं स्पष्ट दिसण्यात अडचण होती. नजर स्थिर ठेवण्याचे आणि तोलाचे व्यायाम दिल्यावर फरक पडला, असंही त्यांना दिसलं. हे अभ्यास लहान आहेत, काही तर मोजक्या मुलांवरचे आहेत. पण दिशा स्पष्ट आहे. २०१२ च्या अमेरिकी आरोग्य पाहणीत ३ ते १७ वयाच्या सुमारे ५.३ टक्के मुलांना चक्कर किंवा तोलाचा त्रास असल्याचं पालकांनी सांगितलं. पटावर चाळीस मुलं असतील तर त्या हिशेबानं दोन. हा आकडा आपल्याकडे तसाच लागू होईल असं मी म्हणणार नाही, पण एवढी मुलं तिथे असतील तर सोनईच्या पंचक्रोशीत एकही नसेल, हे शक्य नाही.

ही मुलं ओळखू का येत नाहीत? कारण ती सावरून घेतात. दोन्ही कानांचा तोल जन्मापासून कमी असलेलं बाळ मान उशिरा धरतं, बसतं उशिरा, दीड वर्ष उलटून गेलं तरी चालत नाही. आजी म्हणते, त्याचा बापही उशिराच चालला होता. मग ते चालायला लागतं, कारण मेंदू डोळ्यांच्या आणि तळपायांच्या भरवशावर तोल धरायला शिकतो. उजेडात सपाट जमिनीवर कुणाला काही कळणार नाही. वीज गेली, बांधावरून अंधारात यायचं झालं, नांगरलेल्या ढेकळांतून किंवा चिखलातून चालायचं झालं की ते मूल पडतं. डोळ्यांचा किंवा तळपायांचा आधार सुटलेला असतो. त्यामुळे शाळेत आलेल्या आईला विचारायचा पहिला प्रश्न ‘अभ्यास करतो का’ हा नसावा. पोरगं कितव्या महिन्यात चाललं आणि अंधारात पडतं का, हे विचारावं.

आणखी एक खूण आहे, ती ऐकून आश्चर्य वाटेल. काही मुलांना कधीच गाडी लागत नाही. एसटीच्या शेवटच्या सीटवर घाटात बसवा, जत्रेतल्या पाळण्यात दहा वेळा फिरवा, काही होत नाही. आपण त्याला कौतुकानं दणकट म्हणतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदल आणि नासा यांना अंतराळात मळमळ का होते हे शोधायचं होतं. त्यांनी वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट महाविद्यालयातून अकरा कर्णबधिर पुरुष निवडले. त्यांतल्या दहा जणांची श्रवणशक्ती लहानपणी मेंदूज्वरात गेली होती, आणि त्याच तापात आतल्या कानाचा तोलही गेला होता. नोव्हा स्कोशियाजवळच्या खवळलेल्या समुद्रात त्यांना बोटीवर नेलं तर ते निवांत पत्ते खेळत बसले, आणि त्यांच्यावर प्रयोग करणारे संशोधकच आजारी पडले. अंतराळ संशोधनाला त्या अकरा जणांचा मोठा उपयोग झाला. आपल्यासाठी त्यातली गोष्ट अशी की ऐकू न येणाऱ्या मुलांपैकी अनेकांचा तोलही अधू असतो. आपण त्यांना श्रवणयंत्र देतो, शस्त्रक्रियेनं कॉक्लिअर इम्प्लांटही बसवतो, पण तोल तपासायचा राहून जातो.

जन्मजात दोष आणि मेंदूज्वर ही कारणं थोड्या मुलांची. सोनईसारख्या ठिकाणी मला जास्त काळजी वाटते ती वाहणाऱ्या कानाची. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेनं कान फुटून सतत वाहण्याच्या आजाराची जगभरची आकडेवारी मांडली. लोकसंख्येत ४ टक्क्यांहून जास्त प्रमाण असेल तर ती तातडीनं हाताळायची मोठी सार्वजनिक समस्या समजावी, असं त्या अहवालात म्हटलं आहे, आणि भारत त्याच वरच्या गटात आहे. हा आजार कुणाला होतो हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. दाटीवाटीनं राहणारी, चुलीच्या धुरात झोपणारी, सर्दी अंगावर काढणारी, पोट अर्धं भरलेली मुलं. कोपीत वाढणारं मूल या प्रत्येक वर्णनात बसतं. हंगामाचे पाच-सहा महिने ते गावाच्या शाळेपासून तुटलेलं असतं. साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहांच्या योजना आल्या, पण शाळेत पोहोचलेल्या मुलाचा कान कुणी पाहिला असं होत नाही. पहाटे टोळी फडात जाते, आई ऊस तोडत असते, आठवीतली बहीण धाकट्याला सांभाळते. त्याच्या कानातून येणारा घाण वास सगळ्यांच्या सवयीचा झालेला असतो.

सर्दीनंतर मधल्या कानात पाणी साचून राहिलं तरी मुलाला कमी ऐकू येतं आणि तोलही डळमळतो. कान दुखत नाही, वाहत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. हे पाणी निघालं की तोल सुधारतो, असं अभ्यासांत आढळलं आहे. वाहणाऱ्या कानाचा एक प्रकार याहून वाईट. त्यात पडद्यामागे त्वचेचा गोळा वाढतो, तो हाड पोखरत जातो, कधी थेट तोलाच्या नलिकेपर्यंत पोहोचतो. मग मोठा आवाज झाला, कान दाबला किंवा शिंक आली तरी मूल गरगरतं. याला शस्त्रक्रियाच लागते, आणि उशीर झाला तर मेंदूपर्यंत धोका असतो.

त्यातच आपले घरगुती उपाय. कानात गरम तेल, लसणाची पाकळी, काडी, पिन, कुणीतरी दिलेले थेंब. पडदा फाटलेला असताना काही थेंबांमधली औषधंच आतल्या कानाच्या पेशी मारतात. जेंटामायसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन या औषधांचा तोलावर होणारा परिणाम वैद्यकशास्त्राला अनेक दशकं माहीत आहे. जीव वाचवण्यासाठी नवजात बाळाला ती द्यावी लागतात, तिथे आक्षेप नाही. पण ज्या बाळाला दिली त्याच्या कानाची आणि तोलाची तपासणी पुढे व्हायला हवी, आणि त्याच्या आईला हे कुणीतरी सांगायला हवं.

नेवासे तालुक्यात मुळा धरणाच्या उजव्या कालव्याचं पाणी आलं, विहिरी आल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं विहिरीत आणि पाटाला पोहतात, ते बघायला छान वाटतं. पण पडद्याला भोक असलेल्या मुलाच्या कानात विहिरीचं गार पाणी शिरलं तर बारानींनी दवाखान्यात पाहिलं तेच पाण्याखाली घडतं. सगळं गरगर फिरायला लागतं. आणि ज्याच्या दोन्ही कानांचा तोल गेला आहे त्याला गढूळ पाण्यात बुडी मारल्यावर वर कुठे आणि खाली कुठे हेच कळत नाही. चांगलं पोहता येणारा मुलगा बुडतो तेव्हा गाव वेगवेगळी कारणं शोधतं. कान वाहणाऱ्या मुलाला विहिरीत उतरू देऊ नका, ही सूचना प्रत्येक शाळेच्या भिंतीवर मार्च महिन्यात लागली पाहिजे.

प्रत्येक चक्कर कानाची नसते, हेही लगेच सांगितलं पाहिजे. परिपाठाला उभ्या असलेल्या मुलीला अंधारी येते ती बहुतेक वेळा उपाशीपोटी आल्यामुळे, रक्त कमी असल्यामुळे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. तिथे लोहाच्या गोळ्या आणि सकाळचं खाणं हाच उपाय. लहान मुलांच्या गरगरण्यात मायग्रेन आणि त्याच्या जवळच्या प्रकारांचा वाटा मोठा असतो. दोन-तीन वर्षांचं मूल खेळताखेळता घाबरून आईला घट्ट धरतं, पांढरं पडतं, डोळे हलतात, आणि दोन-चार मिनिटांत पुन्हा खेळायला लागतं. घरात दृष्ट काढली जाते, अंगारा लावला जातो. मूल आपोआप बरं होणारच असतं, म्हणून अंगाऱ्यावर विश्वास बसतो. फिट येतेय की काय हे एकदा डॉक्टरांनी पाहून घेणं मात्र गरजेचं असतं.

आता या विषयातला सर्वात नाजूक भाग. तोल कमी असेल तर वाचायला त्रास होतो, म्हणून वाचता न येणाऱ्या प्रत्येक मुलाचा तोल सुधारला की ते वाचायला लागेल, असा उलटा हिशेब अनेकांनी मांडला. न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ हॅरल्ड लेव्हिन्सन यांनी १९७३ पासून असं मांडलं की डिस्लेक्सियाचं मूळ आतला कान आणि लहान मेंदू यांच्यात आहे. ते मुलांना गाडी लागण्यावरची औषधं देऊ लागले. पुस्तकं खपली, पालकांच्या रांगा लागल्या. १९८८ मध्ये कॅनडात काटेकोर चाचणी झाली, काही मुलांना औषध आणि काहींना औषध नसलेली गोळी देऊन. वाचनात फरक पडला नाही. नंतर वेल्समधले विनफर्ड डोर हे उद्योजक पुढे आले. मुलगी डिस्लेक्सियामुळे खचली होती, त्या कळवळ्यातून त्यांनी डगमगत्या फळीवर उभं राहण्याच्या व्यायामांचा महागडा कार्यक्रम उभा केला. २००३ मध्ये त्याच्या बाजूनं एक शोधनिबंध आला, त्यावर इतकी टीका झाली की त्या नियतकालिकाच्या संपादक मंडळातल्या काही सदस्यांनी राजीनामे दिले. २००८ मध्ये ब्रिटनमधली कंपनी बुडाली आणि पैसे भरलेले पालक अडकले.

लॉस एंजेलिसच्या जीन आयर्स यांची गोष्ट वेगळी. त्या व्यवसायोपचार तज्ज्ञ होत्या. मुलाचा स्पर्श, तोल आणि हालचाल यांचा शिकण्याशी संबंध त्यांनी १९७२ च्या ग्रंथात मांडला. त्यांच्या पद्धतीचे झोके, चेंडू आणि फळ्या आज आपल्या शहरांतल्या थेरपी केंद्रांतही दिसतात. काही मुलांना त्यातून स्थिर बसायला, हालचाल जमवायला मदत होते. पण अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ मध्ये स्पष्ट सांगितलं की या उपचारांचा पुरावा मर्यादित आहे आणि पालकांना तसं सांगितलं पाहिजे. डिस्लेक्सियात मुख्य अडचण अक्षर आणि उच्चार यांची सांगड घालण्यात असते. तिला उत्तर आहे ते म्हणजे एकेक ध्वनी, एकेक अक्षर, एकेक जोडाक्षर पद्धतशीर आणि पुन्हापुन्हा शिकवणं. मेंदू जागवण्याच्या नावाखाली ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’चे वर्ग भरवणाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या पालकांचे खिसे कसे रिकामे केले हे आपण पाहिलं आहे. कान आणि तोल या शब्दांच्या आडून तोच बाजार पुन्हा भरू नये. माझं मत सरळ आहे. कान आणि तोल तपासा, कारण त्यात बरं होण्यासारखं काही सापडू शकतं. काही सापडलं नाही तर मुलाला फळीवर उभं करण्यात वर्ष घालवू नका, त्याला वाचायला शिकवा.

अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत महाराष्ट्र देशात पुढे होता. मुंबईच्या सायन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आणि १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशननं हा प्रश्न लावून धरला, आणि त्याच वर्षापासून राज्य शासनानं या मुलांना परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती द्यायला सुरुवात केली. २००७ मध्ये ‘तारे जमीन पर’ आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द गावोगावी पोहोचला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली. मराठीतून तपासायची सोयही आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं तयार केलेल्या ‘डाली’ या चाचणीसंचात हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीही आहे. पण या सवलतींचा लाभ मुख्यतः शहरातल्या, इंग्रजी शाळांतल्या, प्रमाणपत्रासाठी फेऱ्या मारू शकणाऱ्या पालकांच्या मुलांना झाला. सोनईच्या शेतकऱ्याच्या मुलाला त्या कायद्यानं दिलेला हक्क तेवढाच आहे, पण तो मिळवण्यासाठी त्याच्या बापाला किती दिवसांची मजुरी बुडवावी लागते हे कुणी मोजत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरला झाली. त्याच्या पथकानं शाळेतल्या प्रत्येक मुलाला वर्षातून एकदा आणि अंगणवाडीतल्या मुलाला दोनदा तपासायचं असतं. तपासायच्या तीस आजारांच्या यादीत कान वाहणं आहे, कमी ऐकू येणं आहे, अध्ययन अक्षमता आहे. तोल नाही. तो घालायला नवीन यंत्र लागत नाही, डॉक्टरांची नवी पदं लागत नाहीत. सहा-सात वर्षांचं निरोगी मूल एका पायावर दहा सेकंद सहज उभं राहतं आणि लंगडी घालतं. डोळे मिटल्याबरोबर जे झोकांडी खातं, फोमच्या गादीवर डोळे मिटून ज्याला उभं राहता येत नाही, त्याचं नाव वेगळं लिहायचं. बालभारतीच्या पुस्तकातली ओळ आधी मान स्थिर ठेवून आणि मग कुणीतरी मान हलकेच डावीउजवीकडे हलवत असताना वाचायला सांगायची. दुसऱ्या वेळी अक्षरं ओळखूच येईनाशी झाली तर ते मूल कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे गेलं पाहिजे. एका मुलाला पाच मिनिटं लागतात. खेळाच्या तासाला लंगडी घेणारे शिक्षक तर हे रोज पाहतात, फक्त त्यांना त्याचा अर्थ कुणी सांगितलेला नाही.

निदान झालं की बरंच करता येतं. कानातलं पाणी काढता येतं, पडदा बसवता येतो. गेलेला तोल परत येत नसला तरी नजर आणि शरीर सावरण्याचे व्यायाम आहेत. इंग्लंडमध्ये कॉथोर्न आणि कुक्सी यांनी १९४० च्या दशकात बसवलेले मूळ व्यायाम आजही फिजिओथेरपिस्ट शिकवतात. वर्गात तर खर्चच नाही. अशा मुलाला फळ्यासमोर मध्यभागी बसवा, पाठीला भिंत द्या, फळ्यावरचा मजकूर कागदावर लिहून त्याच्या वहीशेजारी ठेवा म्हणजे मान वरखाली करावी लागणार नाही, ओळीखाली पट्टी धरू द्या, लिहायला जास्त वेळ द्या. संध्याकाळी अंधार पडायच्या आत त्याला घरी पोहोचू द्या.

सोनईत मुळा एज्युकेशन सोसायटीच्या शाळा-महाविद्यालयांचं जाळं आहे, जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत, कारखाना आहे. लोणीला आणि नगरजवळ विळद घाटात वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. या सगळ्यांनी मिळून दर हंगामाच्या सुरुवातीला, कोप्या पडल्या की पहिल्या पंधरवड्यात, ऊसतोड मजुरांच्या आणि गावातल्या मुलांच्या कानांचं आणि तोलाचं एक शिबिर घ्यावं. कारखान्यानं त्यासाठी गाडी द्यावी, शाळांनी खोली द्यावी, महाविद्यालयांनी डॉक्टर द्यावेत. आणि वाचकहो, तुमच्या घरात, शेजारी किंवा फडावर एखादं मूल उशिरा चाललं असेल, अंधारात पडत असेल, त्याचा कान वाहत असेल आणि ते वाचनात मागे असेल, तर पुढच्या निकालपत्राची वाट पाहू नका. त्याला लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या, आणि ऐकण्याबरोबर तोलही तपासा असं स्वतःहून सांगा.